सुक्रेचं आदिवासी कलेचं म्युझियम आणि अँडीजचं विणकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हियाहून परत आल्यापासून मेसेजमध्ये तेच ते प्रश्न येतायत, प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतेय. मी अभ्यासक वगैरे नाही, हातमागाचं वेड आहे इतकंच. क्वेचुआ (तिथल्या डोंगरी लोकांची भाषा) शब्द देवनागरीत जसे जमले तसे लिहिलेत, घशातले उच्चार काही आपल्या अक्षरांत बसत नाहीत.

हे म्युझियम नक्की आहे कुठे आणि आत काय असतं?

सुक्रे नावाच्या शहरात. ही बोलिव्हियाची घटनेनुसार राजधानी, सरकार बसतं ला पाझला, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. शहराच्या वरच्या अंगाला रेकोलेता म्हणून भाग आहे, तिथे जुना फ्रान्सिस्कन मठ, कमानींचा चौक आणि खाली पसरलेलं पांढरं शहर दिसतं, त्या चौकापासून दोन पावलांवर म्युझियम. नाव म्युझेओ दे आर्ते इंदिखेना. जुन्या गाइडबुकात सान आल्बेर्तो रस्त्यावरचा पत्ता असेल तर तिकडे जाऊ नका, ते आधीचं ठिकाण. चालवते आसुर नावाची संस्था, गाब्रिएल मार्तीनेस आणि वेरोनिका सेरेसेदा या मूळच्या चिलीच्या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात उभी केलेली. आत मुख्यतः सुक्रेच्या आसपासच्या दोन समाजांची कापडं आहेत, खाल्का आणि ताराबुको. सोबत थोडी जुनी पुरातत्त्वातली कापडं, वाद्यं, पोशाख, आणि विणणाऱ्या बाया तिथेच अंगणात बसून काम करत असतात. सोन्याचे मुखवटे बघायला जाणार असाल तर निराश व्हाल.

म्हणजे इन्का लोकांची कला ना?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. इन्का साम्राज्य जेमतेम शंभरेक वर्षं टिकलं, १५३२ ला स्पॅनिश आले आणि संपलं. विणकाम त्याच्या हजारो वर्षं आधीचं. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर पाराकासला १९२७ मध्ये पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या टीमला ४२९ ममींची गाठोडी सापडली, त्यातली भरतकाम केलेली कापडं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि रंग बघून वाटतं गेल्या दिवाळीत घेतलीयत. खाल्का आणि ताराबुकोचे लोक आज क्वेचुआ बोलतात हे खरं, पण क्वेचुआ बोलतो तो इन्का असं म्हणणं म्हणजे मराठी बोलतो तो पेशवा म्हणण्यासारखं झालं.

इन्कांना कापडाचं महत्त्व सोन्याहून जास्त होतं, हे मात्र खरंय. कर कापडात, बक्षीस कापडात, सैनिकांचा पगार कापडात, देवाला जाळायचं तेही कापड. कोम्पी नावाचं सगळ्यात बारीक कापड विणायला निवडलेल्या बाया वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. सैन्य माघार घेताना कापडाची कोठारं पेटवून द्यायचं, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. स्पॅनिश लोक सोनं शोधत होते, त्यांना हे काय चाललंय तेच कळेना.

खाल्का आणि ताराबुको यांच्यात फरक काय? मला तर दोन्ही रंगीत वाटले.

अहो नाही, हा फरक कळला की म्युझियम कळलं. दोन्ही समाज सुक्रेपासून लांब नाहीत, खाल्का साधारण वायव्येला पोतोलो, माराग्वा वगैरे डोंगराळ गावांत, ताराबुको आग्नेयेला ६५ किलोमीटरवर. भाषा एक, लोकर एक, माग जवळपास एकच. आणि कापड बघा तर दिवस आणि रात्र.

ताराबुकोचं कापड म्हणजे उजेड. पट्टे आखलेले, डावी-उजवी बाजू जुळलेली, प्रत्येक गोष्टीला जागा ठरलेली. त्यात घोडे, लामा, नांगरणारा शेतकरी, नाचणारी माणसं, सणाचा देखावा, म्हणजे रोजचं जग, बघितलं की ओळखू येतं. फिकट पट्ट्यांवर बारीक रंग असे एकाशेजारी एक लावतात की लांबून इंद्रधनुष्य दिसतं.

खाल्काचं कापड याच्या बरोब्बर उलट. दोनच रंग, लाल आणि काळा, फार तर गडद तपकिरी. पट्टे नाहीत, मध्य नाही, वर-खाली नाही. सगळ्या कापडभर विचित्र प्राणी, कुणाला दोन डोकी, कुणाला पंख आणि चार पाय दोन्ही, कुणाच्या पोटात दुसरा प्राणी आणि त्याच्या पोटात तिसरा, कुणी उलटा कुणी आडवा, आणि पार्श्वभूमी कुठली आणि आकृती कुठली हेच पटकन कळत नाही. पहिली पाच मिनिटं मला फक्त लाल गोंधळ दिसला. मग एक डोळा दिसला, मग दात, मग अख्खं कापड हलायला लागलं. घाई करून पुढच्या खोलीत गेलात तर हे दिसणारच नाही, तेव्हा खाल्काच्या खोलीत निदान अर्धा तास द्या, बाकी कुठे वेळ वाचवायचा तो वाचवा.

ते खाल्काचे प्राणी म्हणजे भुतं आहेत का? घरात लावलं तर चालेल का?

त्यांना खुरु म्हणतात, म्हणजे रानटी, माणसाच्या ताब्यात न येणारे जीव. ते उखू पाचात राहतात, म्हणजे आतलं किंवा खालचं जग. मिशनऱ्यांनी त्याला नरक म्हटलं आणि तिथला मालक सुपाय याला सैतान करून टाकलं, पण अँडीजमधला सुपाय इतका सरळ वाईट नाही. जमिनीच्या पोटात जे अजून आकाराला आलेलं नाही, जिथून बी फुटतं आणि धातू निघतो, त्या सगळ्याचा तो धनी. भीती वाटते आणि त्याच्याशिवाय भागतही नाही, असं नातं. शांत बसून बघितलंत तर एखाद्या कापडात मधोमध सुपायही दिसतो, भोवती त्याची प्रजा.

घरात लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आणलेलं खाल्काचं कापड माझ्या सासूबाईंनी एकदा बघून "हे हॉलमध्ये नको" म्हटलं, ते आता माझ्या मागाच्या खोलीत आहे.

अक्सु म्हणजे काय? साडीसारखं नेसतात का?

म्युझियममधल्या बहुतेक नक्षीदार कापडांना अक्सु म्हणतात म्हणून हा शब्द सतत येतो. पूर्वी हे बायकांचं पूर्ण अंगाला गुंडाळायचं वस्त्र होतं, पिनांनी खांद्याला अडकवलेलं. स्पॅनिश काळात आत शिवलेला झगा आला आणि अक्सु हळूहळू वरून, मागच्या बाजूने लोंबणारं कापड होऊन बसलं. म्हणजे नक्षी स्वतःला दिसतच नाही, मागून चालणाऱ्याला दिसते. पाठीवर ओझं किंवा बाळ बांधायचं चौकोनी कापड वेगळं, ते अग्वायो किंवा ल्यिक्ल्या. कोकाच्या पानांची छोटी पिशवी चुस्पा (हिच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, घेण्याआधी वाचा).

माग कसला असतो? आपल्या पैठणीसारखंच आहे का हे?

येवल्याच्या एका मैत्रिणीने विचारलं म्हणून जरा नीट लिहिते, ज्यांना विणकामात रस नाही त्यांनी पुढच्या प्रश्नावर उडी मारा.

पैठणीत नक्षी आडव्या धाग्यातून येते. ताणा, म्हणजे उभे धागे, एकसारखा भरलेला, आणि मोराचा रंग बाण्यातून, छोट्या छोट्या कांड्या फिरवत, रंग बदलतो तिथे धागा धाग्यात अडकवत. खाल्का आणि ताराबुकोत उलटं. तिथे उभा धागा इतका दाट बसवलेला असतो की बाणा दिसतच नाही, नक्षी सगळी ताण्याची. याचा अर्थ कुठले रंग कुठे येणार ते माग भरतानाच ठरतं, मध्येच मन बदललं म्हणून नवा रंग घालता येत नाही. प्रत्येक ओळीला बाई बोटांनी एकेक धागा मोजून उचलते, हा वर तो खाली, मग बाणा घालते, आणि लामाच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने (विचुन्या म्हणतात) ठोकून बसवते. उचलणे या क्रियेलाच पाल्याय म्हणतात आणि त्यातून झालेल्या नक्षीलाही पाल्याय. समोर ग्राफ नाही, कागद नाही, डोक्यात मोजणी. खाल्काचे प्राणी तर पुन्हा येतच नाहीत, प्रत्येक वेगळा, म्हणजे पाठ केलेली मोजणीही नाही. हे मला अजून झेपलेलं नाही.

माग म्हणजे चार जाड लाकडं, भिंतीला टेकवलेली. डोंगरात इतर ठिकाणी जमिनीत खुंट्या ठोकून आडवा माग असतो, किंवा एक टोक झाडाला आणि दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. सूत हातातल्या टकळीवर कातलेलं, तिथे तिला पुश्का म्हणतात, बाया चालता चालता, गप्पा मारता मारता, मेंढरं राखताना कातत असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापड कापत नाहीत. ताणा लाकडाला गुंडाळून परत येतो, त्यामुळे चारही बाजूंना आपोआप किनार, दशा नाहीत, शिवण नाही. शेवटचे दोन बोटं अंतर विणायला सुई वापरावी लागते कारण हात जायला जागाच उरत नाही. कापड जसं हवं त्याच मापात जन्माला येतं. एक बारीक अक्सु व्हायला महिने जातात, तेही शेती, गुरं, पोरं सांभाळून.

कडेचा धागा उलटा पिळलेला असतो असं ऐकलं, ते खरंय?

हो. नेहमीच्या धाग्याच्या उलट दिशेने पिळलेल्या सुताला ल्योके म्हणतात, शब्दाचा अर्थच डावा. अँडीजमध्ये बऱ्याच ठिकाणी ते किनारीला किंवा मनगटाला वापरतात, वाईटापासून राखण म्हणून. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात तसंच समजा. तांत्रिक फायदाही आहे, दोन उलट पिळाचे धागे शेजारी आले की कड गुंडाळत नाही. कुठलं कारण आधी आलं यावर भांडण होऊ शकतं.

तो लाल रंग कशाचा? शाकाहारी आहे का?

नाही. कोचिनील नावाच्या किड्याचा. हा फड्या निवडुंगावर पांढऱ्या बुरशीसारखा चिकटून राहतो, गोळा करून वाळवायचा, कुटायचा. एक किलोला लाखभराहून जास्त किडे लागतात. तुरटी घातली तर एक लाल, लिंबू पिळलं तर केशरीकडे, लोखंड घातलं तर जांभळट. आजही जगातला बराचसा कोचिनील पेरूतून येतो आणि लिपस्टिकमध्ये, गोळ्या-चॉकलेटात जातो, पाकिटावर ई१२० दिसलं की तोच. निवडुंगही मूळ अमेरिकेतलाच, आपल्या माळरानावर दिसतो तो तिकडून आणलेला. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटी भारतात कोचिनील पिकवायचा खटाटोप करून पाहिला होता, माल काही मेक्सिकोच्या तोडीचा निघाला नाही.

बाकी पिवळा, हिरवा, तपकिरी झाडपाल्यांतून. पण सगळं नैसर्गिकच असतं असं समजू नका, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केमिकल रंग तिथे पोचलेत, गावांतल्या बायांना झगझगीत गुलाबी मनापासून आवडतो आणि तो आवडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. नैसर्गिक रंगाचा हट्ट बऱ्याचदा आपला, पाहुण्यांचा असतो.

नीळ तरी भारताची ना?

इंडिगो या नावात इंडिया आहे म्हणून आपण फुशारकी मारतो (मीही मारायचे), पण निळीने रंगवलेलं आत्तापर्यंत सापडलेलं सगळ्यात जुनं कापड पेरूच्या वाका प्रिएता इथलं आहे, सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचं, सुती. झाडाची जात वेगळी, रंगाचा रेणू तोच. दोन्हीकडे लोकांनी आपापलं शोधलं.

विणतात फक्त बायकाच का?

पाल्याय बायकांचं. पुरुष पूर्वीपासून स्पॅनिश पद्धतीच्या पायाच्या मागावर साधं लोकरी कापड विणायचे, आपल्या घोंगडीच्या जवळ जाणारं. आसुरच्या प्रकल्पात ताराबुको भागातले पुरुष टॅपेस्ट्री विणायला लागले, म्हणजे आडव्या धाग्याची नक्षी, पैठणीच्या कुळातली (वर मागाचा प्रश्न बघा). ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती आणि म्युझियम ते लपवत नाही.

मग ही परंपरा खरी आहे का एनजीओने तयार केलेली? खोचक प्रश्न आहे, सॉरी.

सॉरी कशाला, चांगला प्रश्न आहे. झालं असं की १९७० आणि ८० च्या दशकांत जुन्या कापडांना परदेशात भाव आला, दलाल गावोगाव फिरले आणि घरातले आजी-पणजीचे अक्सु विकले गेले. विणणारी बाई जुनं कापड समोर बघून शिकते, समोरचं गेलं की शिकायचं कशावरून? त्यात दुष्काळ, गरिबी, शहराकडे जाणं. खाल्का भागात कामाची बारीकी घसरली. प्रकल्पाने काय केलं, तर जुन्या कापडांचे फोटो परत गावात नेले, बायांचे गट केले, नीट पैसे देऊन विकायची सोय केली. कुणी बाहेरच्याने डिझाइन काढून दिलं नाही, फोटोवरून सुरुवात झाली आणि मग बाया आपल्या वाटेने गेल्या.

बाजार आला की कामावर परिणाम होतोच. आजचे काही तुकडे अंगावर घालायला नाही, भिंतीवर लावायला म्हणूनच विणलेत, ते मापावरून कळतं. मला त्यात खोटं काही वाटत नाही. पैठणीचे कुशन कव्हर आपणही विकतोच की, आणि त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

या नक्षीत काही लिहिलेलं असतं का? लिपी आहे का ही?

लिपी नाही. इन्कांच्या उंकु नावाच्या अंगरख्यांवर तोकापु म्हणून छोटे चौकोन असतात, त्यांना अक्षरं समजून वाचायचे प्रयत्न बऱ्याच जणांनी केलेत, सर्वांना पटेल असं वाचन झालेलं नाही. गाठींच्या किपू दोऱ्यांतले आकडे वाचता येतात, ते दशमान पद्धतीचे आहेत हे लेलंड लॉक या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. पण कापड "वाचता" येतं ते वेगळ्या अर्थाने: बाई कुठल्या गावची, आनंदात आहे का सुतकात, हे जाणकाराला लांबून कळतं. ताराबुकोत शोकाच्या वेळचे रंग गडद होतात.

बाजारात २० डॉलरला अग्वायो मिळतो, म्युझियमच्या दुकानात कितीतरी महाग. लुटतात का?

दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाजारातला तो झगझगीत पट्ट्यांचा अग्वायो बहुतेक वेळा कारखान्यातला, अॅक्रिलिकचा. तिथल्या बायाही रोज तोच वापरतात, स्वस्त आणि धुवायला सोपा, त्यात वाईट काही नाही, फक्त विकणारा "माझ्या आजीने विणलं" म्हणाला तर हसून पुढे जा. मी पहिल्याच दिवशी एका ठेल्यावर असं आजीवालं कापड घेतलं, शेजारच्या ठेल्यावर तस्संच, त्याच चुकीसकट दुसरं टांगलेलं होतं.

ओळखायचं असं: चारही कडा बघा, कुठे कापून शिवलंय का. उलटं करा, हाताच्या पाल्यायात मागे तीच नक्षी साधारण रंग उलटे होऊन दिसते, लोंबते धागे नसतात. शेवटाकडे एका जागी विणकाम थोडं सैल किंवा वेगळं दिसतं, तिथे सुईने पूर्ण केलेलं असतं, ती खूण फार भरवशाची. जाळून बघायचा सल्ला नेटवर मिळतो, दुकानात प्लीज करू नका. आणि ज्याला त्याला "बेबी अल्पाका" म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका, खाल्का-ताराबुकोचं बरंचसं काम मेंढीच्या लोकरीचंच असतं आणि तेच बरोबर आहे. म्युझियमच्या दुकानात कापडासोबत विणणारीचं नाव आणि गाव असतं. महिन्यांचं काम आहे, भाव करताना तेवढं लक्षात ठेवा.

जुनं, अँटीक कापड मिळालं तर घेऊ का?

नको. बोलिव्हियातून जुना सांस्कृतिक वारसा बाहेर न्यायला बंदी आहे. कोरोमा गावाची गोष्ट माहीत असावी: तिथे पूर्वजांची कापडं गाठोड्यांत जपलेली असत, ती नुसती कापडं नाहीत, पूर्वजच मानलेले, वर्षातून एकदा बाहेर काढून मान द्यायचा. १९८० च्या आसपास दलालांनी त्यातली बरीच पळवून अमेरिकेत विकली. १९८९ मध्ये अमेरिकेने कोरोमाच्या कापडांच्या आयातीवर तातडीची बंदी घातली आणि पुढे काही कापडं गावाला परत मिळाली. पाराकासची कापडंही स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराने २०१४ पासून पेरूला परत द्यायला सुरुवात केली. आपल्या गावच्या ग्रामदेवतेचा मुखवटा कुणाच्या दिवाणखान्यात दिसला तर कसं वाटेल, तसं आहे हे.

चुस्पा पिशवी घेतली, आत थोडी कोकाची पानं आहेत. आणू का तशीच?

अजिबात नाही! बोलिव्हियात पानं चघळणं कायदेशीर आणि अगदी साधं आहे, भारतात कोकाचं पान एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. पिशवी उलटी करून झटका, कोपऱ्यातला चुराही काढा, चहाच्या पुड्या तिथेच वाटून टाका.

उंचीचा त्रास होतो का?

सुक्रे साधारण २,८०० मीटरवर, म्हणून बरं. ला पाझ ३,६०० च्या आसपास, विमानतळ एल आल्तोला ४,००० च्या वर. जमत असेल तर आधी सुक्रे करा. रेकोलेताचा चढ मात्र दम काढतो, वर जाताना टॅक्सी घ्या आणि उतरताना चाला. औषधाचं डॉक्टरना विचारा, मला नको.

ताराबुकोला पण जाऊ का, की म्युझियम पुरे?

वेळ असेल तर जा, बाजार रविवारी भरतो. आधी म्युझियम मग बाजार, उलटं केलंत तर पैसे चुकीच्या कापडावर जातील. मार्चमध्ये असाल तर पुखल्याय हा सण चुकवू नका. १२ मार्च १८१६ ला तिथल्या लोकांनी हुंबातेच्या लढाईत स्पॅनिश फौजेला हरवलं, त्याची आठवण. पुकारा म्हणून उंच लाकडी सांगाडा उभारून त्याला पाव, फळं, भाज्या टांगतात, मेलेल्यांच्या नावाने, आणि भोवती जड लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचतात. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय. त्या भागातल्या पुरुषांची चामड्याची टोपी स्पॅनिश सैनिकांच्या शिरस्त्राणासारखी दिसते, ज्यांना हरवलं त्यांचीच टोपी!

फोटो काढू देतात का?

म्युझियमच्या आतला नियम दारावर विचारा. विणणाऱ्या बायांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय नाही, कुठेही नाही. "पुएदो?" (काढू का?) म्हणून कॅमेरा दाखवला की कळतं. नाही म्हणाल्या तर नाही.

आमची ट्रिप फक्त पेरूची आहे, कुस्को-माचू पिचू. तिथे असं काही आहे का?

आहे. कुस्कोत सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस म्हणून संस्था आहे, चिंचेरोच्या निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, छोटं म्युझियम आणि दुकान दोन्ही, तिथेही बाया समोर विणतात. तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर तर पुरुष सुयांवर टोप्या विणतात, चालता चालता. पण खाल्काचे प्राणी तिथे भेटणार नाहीत, त्यासाठी सुक्रेच.

हे डिझाइन ब्लाउजवर प्रिंट करून विकलं तर चालेल का?

दोघीतिघींनी विचारलंय. कायद्याचं वकिलाला विचारा, माझं मत विचाराल तर नको. खुरु एकदाच जन्माला येतो, त्याचा मीटरमागे रिपीट प्रिंट काढला की त्याचा वॉलपेपर झाला. आवडलं असेल तर विणणारीकडून एक पट्टी विकत घ्या आणि ती ब्लाउजला न कापता लावा, नुसती टाके घालून, म्हणजे पुढे काढताही येईल.

घरी आणल्यावर धुवायचं कसं, कसर लागेल का?

शक्यतो धुऊच नका, सावलीत झटकून वारा द्या. धुवावंच लागलं तर गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. आधी कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून बघा, लाल उतरला तर तिथेच थांबा. घडी घालू नका, सुती कापडात गुंडाळी करा, घडीवर लोकर तुटते. कसर लागतेच, आपल्या हवेत तर नक्की, मुंबईत पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उलगडून बघते मी. कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, डांबरगोळ्या ठेवल्या तर कापडाला चिकटू देऊ नका. कसर दिसलीच तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे मटाराची पिशवी समजून सुपाय जवळजवळ पुलावात गेला होता.